व्हॅनिटी : पिशवीतली, गाडीतली आणि मनातली

बचत गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, वहिनी, आणि चुलीपाशी, गोठ्यात, शिलाई मशीनवर बसून रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, आज आपण एका इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहोत. हा शब्द तुमच्या घरात आहेच. कुठं खुंटीला टांगलेला असेल, कुठं कपाटात लग्नातल्या शालूशेजारी ठेवलेला असेल. शब्द आहे व्हॅनिटी.

हा विषय आम्हाला सुचला तो एका मुलीमुळं. आमच्या एका सदस्याची मुलगी दहावीला आहे. बैठकीच्या दिवशी ती हिशेबाची वही लिहायला मदत करते. मागच्या महिन्यात तिनं बैठकीतच विचारलं, "ताई, शब्दकोशात व्हॅनिटीचा अर्थ पोकळ अभिमान असा दिलाय. मग आई बाजाराला जाताना व्हॅनिटी कशी काय घेऊन जाते?" सगळ्याजणी हसल्या. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही गर्वाची पिशवी खांद्याला लावून हिंडतोय का काय?"

हसण्यावारी गेलं खरं, पण प्रश्न मनात राहिला. आम्ही पुस्तकं उघडली, माहीतगारांना विचारलं, आणि शब्दामागं शब्द उलगडत गेला. शेवटी तो आमच्याच गटातल्या दोन गोष्टींपाशी येऊन थांबला. त्या दोन्ही गोष्टी सांगायला आम्हाला थोडा संकोच वाटतो, पण सांगणार आहोत.

आधी शब्दाचं घराणं बघू.

व्हॅनिटी हे नाम आहे. त्याचं विशेषण व्हेन. इंग्रजीत या व्हेनसारखाच उच्चार असणारे आणखी दोन शब्द आहेत, आणि मुलांचा त्यांत नेहमी गोंधळ होतो. एक व्हेन म्हणजे अंगातली शीर, जिच्यातून डॉक्टर रक्त काढतात. दुसरं व्हेन म्हणजे इमारतीच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं. आपलं व्हेन या दोन्हींहून वेगळं. उच्चार एकच असला तरी तिन्हींचं स्पेलिंग निराळं आहे. दहावीच्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

आपलं व्हेन आलं लॅटिन भाषेतल्या व्हानुस या शब्दावरून. त्याचा अर्थ रिकामा, पोकळ, आत काही नसलेला. लॅटिनमधून तो फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून सात-आठशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला. व्हॅनिश म्हणजे नाहीसं होणं, हा शब्दही त्याच कुळातला. भाषेचे अभ्यासक या कुळाचं मूळ आणखी मागं नेतात आणि संस्कृतातल्या ऊन या शब्दाशी त्याचं नातं जोडतात. इथं ऊन म्हणजे सूर्याचं ऊन नव्हे. ऊन म्हणजे कमी, अपुरं. त्यातूनच आपलं मराठी उणं आलं, उणीव आली. मैत्रिणींनो, हे वाचल्यावर आम्ही थोड्या थबकलो. साहेबांच्या भाषेतली व्हॅनिटी आणि आपल्या माजघरातली उणीव या लांबच्या का होईना, बहिणी निघाल्या.

हे नातं ध्यानात ठेवलं की शब्दाचे दोन्ही अर्थ सहज समजतात.

पहिला अर्थ जुना: रिकामेपणा, फोलपणा. इंग्रजीत इन व्हेन असं म्हणतात, म्हणजे वाया, फुकट. ऑल माय एफर्ट्स वेअर इन व्हेन, म्हणजे माझी सगळी धडपड वाया गेली. पाऊस आला नाही आणि दुबार पेरणीही गेली, तर ती मेहनत इन व्हेन. इथं गर्वाचा काही संबंध नाही. परीक्षेत हे वाक्य आलं आणि मुलीनं "माझे प्रयत्न गर्विष्ठ होते" असं लिहिलं, तर तिचे गुण जातील.

दुसरा अर्थ आज जास्त चालतो: आपल्या रूपाचा, कपड्यांचा, पदाचा, हुशारीचा फाजील तोरा. शी इज व्हेन म्हणजे तिला स्वतःच्या रूपाची फार घमेंड आहे. ही इज व्हेन असंही म्हणतात, आणि पुरुषाबद्दलही तो शब्द तितकाच लागू पडतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

रिकामं आणि घमेंडी हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले? आपल्या म्हणीच बघा ना. बडा घर पोकळ वासा. उथळ पाण्याला खळखळाट फार. गर्वाचे घर खाली. आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं की जिथं आत कमी असतं तिथं बाहेर आवाज जास्त असतो. इंग्रजीनं तेच एका शब्दात बांधलं.

आता मराठीत व्हॅनिटीला नेमका शब्द कोणता? एकच सांगता येत नाही, कारण आपल्याकडं या बाबतीत शब्दांची चंगळ आहे. तोरा, ऐट, मिजास, दिमाख, डौल, बडेजाव, फुशारकी, घमेंड, गर्व, अहंकार. पण सगळे सारखे नाहीत. बैलपोळ्याला सजवलेला बैल डौलात चालतो, त्यात वाईट काही नाही. लग्न दिमाखात झालं, हे कौतुकानंच म्हणतात. मिजास मात्र कुणाचीच आवडत नाही. व्हॅनिटीच्या जवळ जाणारे शब्द म्हणजे पोकळ डौल, बडेजाव आणि मिरवण्याची हौस. षड्रिपूंमधला मद तिचा मोठा भाऊ म्हणा हवं तर, पण मदात माणूस आंधळा होतो. व्हॅनिटीत तो आंधळा नसतो. उलट त्याचे डोळे सारखे दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडं लागलेले असतात : आपल्याला कोण बघतंय, कोण काय म्हणतंय.

इथंच प्राइड आणि व्हॅनिटी यांतला फरक येतो. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेनं १८१३ साली छापलेल्या प्राइड अँड प्रेज्युडिस या कादंबरीत एका मुलीच्या तोंडून हा फरक सांगितला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याला आपल्याबद्दल काय वाटतं ते प्राइड, आणि इतरांनी आपल्याबद्दल काय समजावं असं आपल्याला वाटतं ती व्हॅनिटी. मराठीत प्राइडचे चांगले आणि वाईट असे दोन्ही अर्थ आपण वेगळे ठेवले आहेत, अभिमान आणि गर्व. लेक नर्स झाली, आम्हाला तिचा अभिमान आहे, इथं आय ॲम प्राउड ऑफ माय डॉटर म्हणायचं. तिथं व्हेन म्हटलं तर अर्थाचा अनर्थ होईल. आय ॲम व्हेन असं कुणी स्वतःबद्दल कौतुकानं म्हणत नाही.

हल्ली आपण इगो हा शब्दही फार वापरतो. तिचा इगो दुखावला, त्याचा इगो मोठा. इगो म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं मी. इगोला प्रेक्षक लागत नाही, तो एकटाही फुगतो. व्हॅनिटीला प्रेक्षक लागतो. हा फरक लक्षात ठेवला की बोलताना चूक होत नाही.

आता या शब्दाचा प्रवास. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या जुन्या करारात उपदेशक नावाचं एक पुस्तक आहे. माणसाची संपत्ती, कष्ट, ज्ञान हे सगळं शेवटी कसं निसटून जातं, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. मूळ हिब्रू भाषेत तिथं हेवेल असा शब्द आहे. हेवेल म्हणजे श्वास, वाफ. थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते आणि बघता बघता विरते, तशी. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या जागी व्हानितास शब्द घातला, इंग्रजीत व्हॅनिटी आला, आणि मराठीत व्यर्थ. म्हणजे त्या पुस्तकात व्हॅनिटी म्हणजे नट्टापट्टा नव्हे. हाती न राहणारी वाफ, हा तिथला अर्थ.

मराठीचा या गोष्टीशी एक संबंध आहे आणि तो आपल्या अभिमानाचा आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्यानंतर १९२४ साली ते छापून बाहेर आलं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, रमाबाईंनी आसरा दिलेल्या बायकांनी छपाईचं काम केलं. त्यांतल्या कितीतरी विधवा होत्या, दुष्काळात टाकलेल्या होत्या. हे ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडं पुन्हा येणार आहोत.

पुढं १६७८ साली जॉन बन्यन या इंग्रज लेखकाचं एक पुस्तक आलं, एका यात्रेकरूच्या प्रवासाचं. त्या प्रवासात व्हॅनिटी नावाचं एक गाव लागतं आणि तिथं बारा महिने जत्रा भरलेली असते. त्या जत्रेत घरं, जमिनी तर विकायला आहेतच, पण मान, पदं आणि पदव्यासुद्धा विकायला आहेत. या पुस्तकाचं मराठी भाषांतर हरी केशवजी यांनी यात्रिक क्रमण या नावानं १८४१ साली केलं. म्हणजे व्हॅनिटीच्या जत्रेची गोष्ट मराठीत येऊन पावणेदोनशे वर्षं उलटून गेली.

पण वाटेत या शब्दाचं एक वाकडं वळण झालं. वाफेसारखं विरून जाणारं ते व्हॅनिटी, हा अर्थ राजाला लागू होता, सावकाराला लागू होता, विद्वानालाही लागू होता. युरोपातल्या चित्रकारांना मात्र व्हॅनिटी दाखवायची झाली की ते अनेकदा एक बाई काढायचे आणि तिच्या हातात आरसा द्यायचे. हळूहळू लोकांच्या मनात ठसलं की आरशात बघणारी बाई म्हणजे व्हॅनिटी.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ७ फेब्रुवारी १४९७ रोजी सावोनारोला नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून भर चौकात मोठी होळी पेटवली गेली. तिला व्हॅनिटीची होळी म्हणतात. आरसे, अत्तरं, प्रसाधनं, गंगावनं, भारी कपडे, पत्ते, वाद्यं, चित्रं, पुस्तकं, सगळं त्या आगीत टाकलं. पुढच्याच वर्षी, मे १४९८ मध्ये, लोकांचं आणि सत्तेचं मन फिरलं आणि त्याच चौकात सावोनारोलाला मृत्युदंड दिला गेला. आम्हाला यातलं एवढंच लक्षात राहिलं की गर्व जाळायचा म्हणून ज्या वस्तू जाळल्या, त्यांत आरसा आणि अत्तर पुढं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द वस्तूंना चिकटला. आरसा, पावडर, कंगवा ठेवायची छोटी पेटी, तिला व्हॅनिटी केस म्हणू लागले. तशीच व्हॅनिटी बॅग. आरशाच्या टेबलाला अमेरिकेत नुसतं व्हॅनिटी म्हणतात. बेसिन आणि खाली कपाट असलेल्या न्हाणीघरातल्या जोडालाही व्हॅनिटी म्हणतात. आपल्याकडं बॅग हा भाग गळाला आणि व्हॅनिटी तेवढी राहिली. आपल्या व्हॅनिटीत आरसा कमी आणि बाकीचंच जास्त असतं : आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रेशन कार्डाची झेरॉक्स, सुट्टे पैसे, डोकेदुखीची गोळी, मुलाचा बिस्किटचा पुडा. तेव्हा मावशी, काळजी करू नका. नाव काहीही असो, तुमची पिशवी पोकळ नाही.

आता व्हॅनिटी व्हॅनकडं येऊ. यातला व्हॅन हा शब्द व्हॅनिटीतून आलेला नाही. व्हॅन म्हणजे गाडी, आणि तो कॅरॅव्हॅन म्हणजे फारसीतल्या कारवान या शब्दाचा तुकडा आहे. शूटिंगच्या जागी नट-नट्यांसाठी उभी असते ती ही गाडी. अभिनेत्री पूनम ढिल्लन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या सिनेमा-धंद्यात ती आणली, असं सांगितलं जातं.

आम्हाला वर्षानुवर्षं वाटायचं की ही निव्वळ चैन. एसी, सोफा, भोवतीनं दिवे लावलेला आरसा. नावच व्हॅनिटी! पण जुन्या अभिनेत्रींनी मुलाखतींतून सांगितलं आहे की ही गाडी येण्याआधी बाहेरगावच्या शूटिंगला कपडे बदलायला आडोसा नसायचा, चादरी धरून उभं राहावं लागायचं, संडासाची सोय नसायची. पाळीच्या दिवसांत काय हाल होत असतील ते तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. उसाच्या फडात, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी, रोजगार हमीच्या कामावर आपण ते भोगतो. मैत्रिणींनो, त्या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू आरसा नाही, दाराला आतून लागणारी कडी आहे. पण नाव पडलं आरशावरून. बाईची गरज होती, आणि तिला नाव मिळालं चैनीचं.

आणि ज्याला खरंच व्हॅनिटी म्हणावं, त्याला आपण काय म्हणतो बघा. गाडीला आवडीचा नंबर घ्यायचा, त्याला अमेरिकेत व्हॅनिटी प्लेट म्हणतात. आपल्या राज्यातही पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत वेगळी फी भरावी लागते, आणि ०००१ सारख्या नंबरासाठी ती लाखांत जाते. त्याला आपल्याकडं व्हीआयपी नंबर म्हणतात, हौस म्हणतात. चौकात स्वतःच्या वाढदिवसाचा वीस फुटी फलक लावतात, त्याला लोकप्रियता म्हणतात. आणि बाईनं दोन मिनिटं आरशात बघितलं की लगेच, "झाली का नटवी तयार?"

पण दुसऱ्याकडं बोट दाखवून आम्हाला सुटता येणार नाही. आता आमच्या गटाची पहिली गोष्ट.

इंग्रजीत व्हॅनिटी पब्लिशिंग असा एक शब्द आहे. लेखकाकडूनच पैसे घेऊन त्याचं पुस्तक छापायचं, आणि त्याला मोठा लेखक झाल्यासारखं वाटू द्यायचं. तसेच व्हॅनिटी पुरस्कार असतात. दोन वर्षांपूर्वी आम्हाला शहरातून फोन आला. "ताई, अभिनंदन! तुमच्या गटाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे." आम्ही हरखलो. कुणी शिफारस केली, काय बघून निवडलं, हे विचारायचं सुचलंच नाही. मग दुसरा फोन आला : नोंदणी फी साडेसात हजार रुपये, त्यात शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि मोठ्या पाहुण्यांसोबत फोटो.

आमच्या गटात बारा जणी. महिन्याला शंभर रुपये बचत. बारा गुणिले शंभर, बाराशे. म्हणजे साडेसात हजार ही आमच्या सगळ्यांची सहा महिन्यांहून जास्त बचत. एकीनं विरोध केला, "आपण केलेलं काम त्यांनी बघितलंय का? आले होते का इथं?" आम्ही तिला गप्प बसवलं. वर म्हणालो, "तुला गटाचं चांगलं झालेलं बघवत नाही." पैसे भरले, भाड्याची गाडी केली आणि गेलो. सभागृहात शंभराच्या वर पुरस्कारवाले बसलेले. एकेकाचं नाव घाईघाईत पुकारत होते, आमचं नाव तर चुकीचंच वाचलं. सन्मानचिन्ह सोनेरी होतं, पण घरी आणून वाजवून बघितलं तर प्लास्टिकचं, आतून पोकळ.

खरी बोच पुढं लागली. त्याच महिन्यात एका सदस्याला मुलाच्या आयटीआयच्या फीसाठी आठ हजार हवे होते. गटाच्या खात्यात तेवढे उरले नव्हते. तिनं बाहेरून जास्त व्याजानं पैसे उचलले. विरोध करणारी तीच होती. आमच्या वहीत तो खर्च "इतर खर्च" असा लिहिला आहे. आता त्या ओळीपुढं आम्ही पेन्सिलीनं व्हॅनिटी असं लिहून ठेवलं आहे, पुढच्या पदाधिकाऱ्यांना कळावं म्हणून.

तुम्हाला असा फोन आला तर चार प्रश्न विचारा. आमचं नाव कुणी सुचवलं? आमचं काम बघायला कोण आलं होतं? आणखी किती जणांना पुरस्कार देणार आहात? आणि पैसे कशाचे? खरा पुरस्कार देणारा तुमच्याकडं पैसे मागत नाही. आणि उत्तर द्यायला बैठकीपर्यंत वेळ घ्या. आज संध्याकाळपर्यंत भरा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

याच कुळातला आणखी एक शब्द हल्ली कार्यालयांत ऐकू येतो, व्हॅनिटी मेट्रिक. मेट्रिक म्हणजे मोजमाप. दिसायला मोठा, पण कामाचं काही न सांगणारा आकडा म्हणजे व्हॅनिटी मेट्रिक. मोबाईलवर गटाच्या फोटोला पाचशे जणांनी अंगठा दाखवला, हा असा आकडा. मेळाव्याला किती खुर्च्या भरल्या, हाही असाच. आपल्या गटांना हे मोजमाप नवं नाही. आपली पंचसूत्री आठवा : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब लेखन. यातल्या एकाही गोष्टीचा चांगला फोटो निघत नाही. पण गट आतून भरलेला आहे की पोकळ, ते याच पाच गोष्टींवरून कळतं.

आता दुसरी गोष्ट.

आमच्या गटात एक ताई आहेत. वय पस्तिशीच्या आत. मिस्टर अपघातात गेले. वर्षभर त्या फिकट साडीत, कपाळ मोकळं ठेवून बैठकीला यायच्या, कोपऱ्यात बसायच्या. मग एके दिवशी कर्जाच्या कामासाठी बँकेत जायचं होतं, तेव्हा त्या फुलाफुलांची साडी नेसून, केस नीट विंचरून, बारीक टिकली लावून आल्या. हातात छोटी व्हॅनिटी. आमच्यातल्याच कुणीतरी पुटपुटलं, "बरं सुचतंय नटायला." बाकीच्या गप्प राहिलो. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, काही बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "आधी मी बँकेत जायचे तेव्हा साहेब माझ्याकडं न बघताच नंतर या म्हणायचे. त्या दिवशी खुर्ची दिली. मी नटले नाही ताई, मी आवरलं."

नटणं आणि आवरणं. बघा, आपल्या भाषेनं किती नेमका फरक करून ठेवला आहे, आणि आम्हाला तो तोंडावर यायला हवा होता तेव्हा आला नाही. व्हॅनिटी म्हणजे आत उणं असताना बाहेर जास्त दाखवणं. या ताईंनी जास्त काय दाखवलं होतं? लोकांनी जे उणं करून ठेवलं होतं, तेवढंच त्यांनी परत भरून घेतलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. केडगावच्या छापखान्यात विधवा बायका बायबलची पानं लावत होत्या, त्याला शंभर वर्षं झाली. ठराव आता कागदावर आला आहे. पण बैठकीत कुणी पुटपुटलं आणि बाकीच्या गप्प बसल्या, तर तो ठराव कागदावरच राहतो. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, ही आमची चूक. आम्ही पुढच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर मान्य केली. त्या ताई आता परत येतात. हळदीकुंकवाला यंदा पहिलं बोट त्यांच्या कपाळाला लागलं, आणि ते लावलं पिशवीबद्दल विचारणाऱ्या मावशींनी.

मैत्रिणींनो, शब्दाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत असतो. तो कुणाला लावायचा हे मात्र आपल्या हातात असतं. म्हणून व्हॅनिटी, नखरा, नटवी, मिजासखोर असा कुठलाही शब्द ओठांवर आला की आधी दोन गोष्टी बघायच्या, असं आम्ही ठरवलं आहे. एक, या दाखवण्याच्या मागं आत खरंच काही नाही का? आणि दोन, याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागतेय का? आमच्या पुरस्काराला दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असं आलं. ताईंच्या टिकलीला दोन्हींचं उत्तर नाही असं आलं.

येत्या बैठकीत तुम्हीही यावर बोला. आपल्या गटानं नुसतं दिसण्यासाठी केलेला एखादा खर्च आहे का, वही उघडून शोधा. आणि आपल्यातली एखादी आवरून आली म्हणून तिला कुणी काही बोललं होतं का, तेही आठवा. बोललं असेल तर तिच्या घरी जाऊन या.

दहावीतल्या त्या मुलीला आम्ही तिचं उत्तर दिलं. आईची व्हॅनिटी ही फक्त पिशवी आहे, आणि खरी व्हॅनिटी गटाच्या कपाटात सोनेरी रंगात उभी आहे. ते सन्मानचिन्ह आम्ही टाकून दिलेलं नाही. बैठकीत कुणी मोठेपणाचा खर्च सुचवला की मावशी उठतात, ते खाली काढतात आणि बोटानं एकदा वाजवून दाखवतात.